लाळ एकाची, माहिती कुळाची

२०२५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात दाखल केला. कंपन्या बुडणे ही त्या देशात नवलाची गोष्ट नाही. परंतु एरवी कंपनी बुडाली की जमीन, यंत्रे आणि शिल्लक माल यांचा लिलाव होतो. या कंपनीपाशी लिलावात काढण्याजोगी खरी मौल्यवान चीज एकच होती. ती म्हणजे सुमारे दीड कोटी माणसांच्या डीएनएची नोंद. घरी मागविलेल्या नळीत थोडी लाळ घालून ती टपालाने परत पाठवायची आणि आपले पूर्वज कोठले, आपल्याला कोणत्या रोगांचा संभव, हे जाणून घ्यायचे, असा तिचा धंदा होता. २००६ साली स्थापन झालेल्या या कंपनीची किंमत शेअर बाजाराने २०२१ मध्ये एके काळी सुमारे सहाशे कोटी डॉलर ठरविली होती. दिवाळखोरीनंतर रीजेनेरॉन या औषध कंपनीने पंचवीस कोटी साठ लाख डॉलरची बोली लावली, आणि अखेर कंपनीच्याच संस्थापिका अ‍ॅन वोजिस्की यांच्या संस्थेने तीस कोटी पन्नास लाख डॉलर मोजून तिचा ताबा घेतला.

या व्यवहाराच्या काळात जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच कॅलिफोर्निया राज्याच्या महाधिवक्त्यांनी नागरिकांना, आपली माहिती पुसून टाकण्याचा व लाळेचा नमुना नष्ट करविण्याचा हक्क तुम्हाला आहे, अशी जाहीर आठवण करून दिली. पुढे सत्तावीस राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांनी, ग्राहकांच्या स्पष्ट संमतीवाचून ही माहिती विकली जाऊ नये, म्हणून न्यायालयात धाव घेतली. लक्षावधी ग्राहकांनी आपली नोंद काढून टाकण्याचे अर्ज केले. ज्यांनी हौसेने लाळ दिली होती, त्यांना ती दिल्यानंतर कित्येक वर्षांनी प्रश्न पडला, की आपण नेमके काय देऊन बसलो?

हा प्रकार सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून द्यावा, असे कोणास वाटेल. परंतु महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांतील मुलेमुली आज त्या देशात स्थायिक आहेत आणि तेथे नाताळच्या दिवसांत हे संच भेटवस्तू म्हणून सर्रास दिले जातात. आपल्याकडेही अशा चाचण्या विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. न्यू जर्सीतील एखाद्या तरुणाने गंमत म्हणून लाळ पाठविली, तर सांगलीत बसलेल्या त्याच्या निवृत्त शिक्षक वडिलांचा अर्धा डीएनए, त्यांच्या नकळत, परदेशी कंपनीच्या दप्तरी जमा होतो. तेव्हा ही चाचणी काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही आणि त्या बदल्यात काय घेते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

पाच हजारांत एक अक्षर

लाळेत आपल्या शरीरातील पेशी असतात आणि पेशीत डीएनए असतो. ही सुमारे तीनशे कोटी अक्षरांची लिपी मानली, तर कोणत्याही दोन माणसांत तिची ९९.९ टक्के अक्षरे सारखी असतात. उरलेल्या अंशातच माणसामाणसांतील आनुवंशिक भेद साठविलेले असतात. घरगुती चाचणी ही सारी लिपी वाचीत नाही. माणसांत जेथे फरक आढळतो अशा, साधारणतः सहा-सात लाख जागा तेवढ्या ती तपासते. म्हणजे पाच हजार अक्षरांमागे एक अक्षर. एखाद्या जाड ग्रंथाच्या दोन-तीन पानांमागे एक अक्षर वाचून त्यातील मजकुराचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार आहे. अर्थात ही अक्षरे वाटेल तशी निवडलेली नसतात. त्यांच्या निवडीमागे पुष्कळ संशोधन असते आणि ती वाचलीही बहुधा अचूक जातात. चुकीचा संभव असतो तो वाचनापेक्षा अर्थ लावण्यात.

वंशाबद्दलच्या अहवालात 'इतके टक्के अमुक प्रदेश' अशी आकडेवारी येते. सामान्य वाचक तिचा अर्थ असा घेतो, की आपल्या पूर्वजांपैकी इतके टक्के लोक त्या प्रदेशातून आले. वस्तुतः कंपनीने आज हयात असलेल्या काही हजार लोकांचे नमुने गोळा करून त्यांचे प्रदेशवार गट पाडलेले असतात. आपला डीएनए त्यातील कोणत्या गटाशी किती जुळतो, एवढेच ते टक्के सांगतात. गट बदलले, गणिताची पद्धत बदलली, की टक्केही बदलतात. २०१९ साली कॅनडातील सीबीसी या संस्थेच्या एका पत्रकार महिलेने व तिच्या एकसारख्या जुळ्या बहिणीने पाच कंपन्यांकडे लाळ पाठवून पाहिली. दोघींचा डीएनए जवळजवळ तंतोतंत एकच. तरीही कंपनीगणिक अहवाल निराळे आले, आणि एकाच कंपनीने दोघी बहिणींना वंशाची निरनिराळी टक्केवारी कळविली. अहवालात दशांश चिन्हापुढे अंक छापला, की तो अचूक वाटतो. परंतु छपाईचा नेमकेपणा हा ज्ञानाचा नेमकेपणा नसतो.

दुसरी गोष्ट पूर्वजांच्या संख्येची. आईवडील दोन, आजे-आज्या चार, पणजोबा-पणज्या आठ, असा हा आकडा दर पिढीला दुप्पट होत जातो. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर १६७४ मधील शिवराज्याभिषेकापर्यंत चौदा पिढ्या होतात आणि त्या पिढीत आपल्या पूर्वजांच्या जागा भरतात सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी. नात्यातील विवाहांमुळे एकच माणूस त्यातील अनेक जागांवर असतो, हे खरे. परंतु आपण 'आमचे घराणे' म्हणून ज्याचा अभिमान बाळगतो तो यातील एकच धागा असतो. शिवाय डीएनएचे वाटप दर पिढीला निम्म्याने होत असल्यामुळे इतक्या मागील पूर्वजांपैकी बहुसंख्यांचा एकही तुकडा आपल्या पेशीत उरलेला नसतो. ते आपले पूर्वज खरेच. परंतु लाळेत त्यांचा पत्ता लागत नाही.

हेळव्याची वही आणि नवगावचे गलबत

वंशावळीची हौस मराठी समाजाला नवी नाही. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी आपल्या वह्या घेऊन गावोगाव फिरत आणि अंगणात बसून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नोंदी असत. विसाव्या शतकात सुशिक्षित घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. या सर्व साधनांत एक समान उणीव होती. त्यांत पुरुषांची नावे पिढ्यान् पिढ्या सापडतात. स्त्री मात्र लग्न होताच वहीतून नाहीशी होते. डीएनए असा पंक्तिप्रपंच करीत नाही. आईकडून मुलांकडे उतरणारा मातृकुळाचा एक धागा आणि बापाकडून मुलाकडे उतरणारा पितृकुळाचा एक धागा असे दोन्ही त्यात वाचता येतात. आणि ज्यांच्याजवळ वहीच नाही, त्यांच्यासाठी तर ही विद्या अमोल आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची नावे शिरगणतीत सर्वसाधारणपणे प्रथम आली ती १८७० साली. त्यापूर्वी गुलाम हे नावाने नव्हे, तर मालकाच्या मालमत्तेतील आकडे म्हणून नोंदले जात. अशा समाजातील एखाद्याला आपल्या पूर्वजांचा आफ्रिकेतील प्रदेश ढोबळमानाने कळला, तरी त्याचे मोल टक्केवारीतील चुकीने कमी होत नाही. दत्तक गेलेल्या मुलांना आपले रक्ताचे आप्त शोधण्यासही याच चाचण्यांनी मदत केली आहे.

या विद्येची शक्ती आणि मर्यादा दोन्ही दाखविणारे एक उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे. कोकणकिनाऱ्यावरील बेने इस्रायली समाजाची मातृभाषा मराठी. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागजवळच्या नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत समजूत. इस्रायलची स्थापना झाल्यावर यांपैकी हजारो लोक तेथे गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढली. बेने इस्रायलींनी निदर्शने केली, आणि १९६४ साली त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचे स्थान मान्य करण्यात आले. त्यानंतर अर्ध्या शतकाने, २०१६ साली, प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असा दोन्हीकडचा वारसा लक्षणीय प्रमाणात असल्याचे दिसून आले. परंपरेच्या गाभ्याला असा दुजोरा मिळाला, ही गोष्ट मोलाचीच आहे. परंतु त्या माणसांना त्यांचे स्थान मिळवून दिले ते प्रयोगशाळेने नव्हे. ते त्यांच्या शतकानुशतकांच्या आचाराने आणि स्वाभिमानाने मिळविले. उद्या एखाद्याचे समाजातील स्थान त्याच्या लाळेवरून ठरविण्याची प्रथा पडली, तर असा अहवाल हाती नसलेल्यांनी जायचे कोठे?

नाकाच्या मापाचा धडा

आपल्या देशात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे, कारण येथे वंश म्हटला की जात आलीच. माणसाच्या शरीरावरून त्याचे कुळ ओळखण्याचा खटाटोप येथे पूर्वी एकदा होऊन गेला आहे. १९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांचे गुणोत्तर काढून त्यावरून जातींची वांशिक प्रतवारी लावण्याचा प्रयत्न केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात अशा मोजमापांचेच कोष्टक पुढे ठेवून दाखवून दिले, की एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वांशिक भेद असल्याचे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. पुण्याच्या इरावती कर्वे तरुणपणी बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकांच्या हाताखाली कवट्यांवर संशोधन करीत होत्या. कवटीच्या ठेवणीतील विषमतेचा वंशाशी संबंध असावा, हा गुरूचा तर्क. शिष्येच्या मोजमापांतून तो निष्पन्न झाला नाही, आणि तसे तिने आपल्या प्रबंधात नमूद केले.

आधुनिक जनुकशास्त्राचा निष्कर्षही याहून फार वेगळा नाही. हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय उपखंडातील त्र्याहत्तर गटांचा विचार केला होता. सुमारे चार हजार दोनशे ते एक हजार नऊशे वर्षांपूर्वीच्या काळात येथील दोन मोठ्या प्राचीन लोकसमूहांची सर्वदूर सरमिसळ झाली आणि आज आपापल्या वेगळेपणाचा दावा करणारे जवळजवळ सारेच गट त्या सरमिसळीतून निघालेले आहेत, असे त्यातून दिसले. नंतर मात्र लग्ने आपापल्या गटातच करण्याची चाल रूढ झाली. याचा अर्थ असा, की 'शुद्ध' म्हणविण्याचा अधिकार येथे कोणालाच उरलेला नाही. वेगवेगळ्या जातींत त्या प्राचीन वारशांचे प्रमाण कमीअधिक आहे, हे खरे. परंतु प्रमाणातील फरकाला श्रेष्ठकनिष्ठतेचा रंग देणे हे विज्ञानाचे काम नाही. भीती आहे ती हीच. ज्या समाजात वधूवरांच्या जाहिरातींत अजून पोटजात छापली जाते, त्या समाजात लाळेच्या अहवालातील टक्के पत्रिकेतील गुणांशेजारी जाऊन बसण्यास वेळ लागणार नाही. रिस्लीची मोजपट्टी आपण टाकून दिली. तीच संगणकाच्या रूपाने पुन्हा घरात आणू नये.

या बंदिस्त विवाहपद्धतीचे खरे फळ अहंकारात नाही, रोगात आहे. २०१७ साली दक्षिण आशियातील दोनशे त्रेसष्ट गटांच्या अभ्यासात असे आढळले, की त्यातील एक्क्याऐंशी गट फार थोड्या मूळपुरुषांपासून वाढलेले आहेत, इतके की फिनलंडचे लोक किंवा युरोपातील अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही त्यांचा पाया अरुंद आहे. अशा गटांत आईबाप दोघांकडून एकच सदोष जनुक मुलात येण्याचा संभव वाढतो. आंध्रातील वैश्य समाजातील काही व्यक्तींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या औषधाने धोका होतो, याचे कारण हेच. येथे डीएनए-चाचणीला खरोखर काम आहे. परंतु ते काम रुग्णालयात आणि जाणत्या सल्लागाराच्या देखरेखीखाली व्हावयाचे आहे.

आरोग्याचा अर्धवट आरसा

घरगुती चाचणीतील आरोग्याचा भाग अधिक सावधपणे पाहिला पाहिजे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ च्या नोव्हेंबरात 'ट्वेंटीथ्री अँड मी'ला आरोग्यविषयक अहवालांची विक्री थांबविण्यास भाग पाडले होते. पुरावे सादर झाल्यावर २०१७ मध्ये दहा विकारांच्या चाचण्यांना आणि २०१८ मध्ये स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाशी संबंधित अशा 'बीआरसीए' जनुकांतील तीन बदलांच्या चाचणीला परवानगी मिळाली. या दोन जनुकांत धोकादायक म्हणून ज्ञात असलेले बदल हजाराहून अधिक आहेत. चाचणीतील तीन बदल मुख्यतः अश्केनाझी ज्यूंमध्ये आढळणारे होते. पुढे २०२३ साली ही संख्या चव्वेचाळीस झाली, तरी तत्त्व बदलत नाही. आपल्याकडील एखाद्या भगिनीची आई आणि मावशी कर्करोगाने गेलेल्या असतील आणि अशा अहवालात तिला 'बदल आढळला नाही' असे वाचावयास मिळाले, तर ती निर्धास्त होईल आणि नेमके हेच घातक ठरेल. जे शोधलेच नाही ते आढळले नाही, असा त्या वाक्याचा अर्थ आहे. उलट बाजूही आहे. २०१८ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने एकोणपन्नास रुग्णांच्या बाबतीत अशा कंपन्यांकडील कच्ची माहिती पुन्हा तपासली, तेव्हा त्यात दाखविलेल्या बदलांपैकी चाळीस टक्के बदल प्रत्यक्षात नव्हतेच. नमुना लहान होता. परंतु डॉक्टरी खातरजमेवाचून या माहितीवर विसंबू नये, एवढे सांगण्यास तो पुरेसा आहे.

मधुमेह, हृदयविकार यांसारखे रोग एका जनुकामुळे होत नाहीत. शेकडो-हजारो जनुकांचे बारीक बारीक परिणाम एकत्र करून संभाव्यतेचा गुणांक काढला जातो. ज्या अभ्यासांवर हे गुणांक उभे आहेत, त्यांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असे २०१९ च्या एका आढाव्यात दाखविण्यात आले. दुसऱ्याच्या अंगाच्या मापाचा सदरा आपल्याला बसेलच असे नाही. भारतीयांची माप घेण्याचा प्रयत्न आपल्या सरकारने 'जीनोम इंडिया' प्रकल्पाच्या द्वारे केला असून सुमारे दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकलिपीची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. ही सुरुवात चांगली आहे. परंतु जनुकांपलीकडेही पाहावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. जन्मतः वजनाने हलके, परंतु अंगात चरबीचे प्रमाण जास्त, असे आपले मूल पुढे मधुमेहाकडे झुकते आणि त्याचा संबंध गर्भारपणी मातेला मिळालेल्या पोषणाशी पोहोचतो, हे त्या कामातून पुढे आले. मधुमेहाचा धोका जाणून घेण्यास लाळ परदेशी धाडण्याची गरज नाही. घराण्यातील रोगांचा इतिहास, कमरेचा घेर आणि रक्तातील साखर ही तीन साधने कोणत्याही तालुक्याच्या गावी उपलब्ध आहेत.

या संदर्भात जेम्स वॉटसन यांची गोष्ट बोलकी आहे. डीएनएची दुपेडी रचना शोधणाऱ्या या शास्त्रज्ञाची संपूर्ण जनुकलिपी २००७ साली वाचण्यात आली आणि ती त्यांनी जगाला खुली केली. त्यातील एका जनुकाची माहिती मात्र त्यांनी स्वतःलाही सांगू नये म्हणून बजावले. ते जनुक वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाशी संबंधित होते, आणि त्यांच्या आजीला तो विकार झालेला होता. ज्यावर उपाय नाही ते आगाऊ कळून काय करावयाचे, हा प्रश्न त्या विषयाच्या आद्य जाणकारालाही पडला. गोष्ट येथेच संपत नाही. शेजारच्या अक्षरांवरून ते झाकलेले अक्षर ओळखता येईल, असे इतर संशोधकांनी लवकरच दाखवून दिले, आणि मग लिपीचा बराच मोठा भाग झाकावा लागला. डीएनए लपविणे किती अवघड आहे, याचा हा पहिला धडा होता.

संमती कोणाची?

दुसरा धडा गुन्हेगारीच्या क्षेत्रातून आला. कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत खून आणि बलात्कारांचे सत्र चालविणारा इसम चाळीस वर्षे सापडला नव्हता. पोलिसांनी घटनास्थळी मिळालेला डीएनए वंशशोधकांच्या 'जीईडीमॅच' या खुल्या संग्रहात घालून पाहिला. तेथे त्याचे दूरचे चुलत-मावस आप्त सापडले आणि त्यांच्या वंशावळी जुळवीत पोलिस २०१८ च्या एप्रिलमध्ये जोसेफ डीअँजेलोपर्यंत पोहोचले. २०२० साली त्याला जन्मठेप झाली. त्याने स्वतः लाळ कोठेही दिलेली नव्हती. एका नराधमाला शासन झाले याचा आनंदच आहे. पण त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखविले, की सुमारे तेरा लाख माणसांच्या संग्रहावरून युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी साठ टक्क्यांचा माग दूरच्या भावंडांमार्फत काढणे शक्य आहे. आज गुन्हेगाराचा माग लागतो. उद्या पत्रकाराचा, चळवळ करणाऱ्याचा किंवा घरातून पळून लग्न केलेल्या मुलीचाही लागू शकेल.

तिसरा धडा २०२३ साली मिळाला. चोरट्यांनी इतरत्र चोरलेले परवलीचे शब्द वापरून 'ट्वेंटीथ्री अँड मी'ची सुमारे चौदा हजार खाती उघडली. परंतु ग्राहकांना त्यांचे आप्त दाखविण्याची जी सोय होती, तिच्या वाटेने सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली, आणि ज्यू व चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विक्रीस ठेवल्या गेल्या. बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही, आणि मुलानातवंडांचाही नाही.

या साऱ्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते. आपल्या कायद्यात आणि व्यवहारात संमती ही व्यक्तीची मानली जाते. माझे घर, माझे पैसे, माझा फोटो, तशी माझी लाळ. परंतु लाळेतील माहिती एकट्याची नसते. सख्ख्या भावाबहिणींशी ती सरासरीने निम्मी सामाईक असते, मुलांशी निम्मी असते, चुलतभावाशी अष्टमांश असते. एकाने सही केली की साऱ्या भाऊबंदकीचे दप्तर उघडते. अमेरिकेत एका वंध्यत्व-निवारण तज्ज्ञाने वर्षानुवर्षे रुग्ण स्त्रियांच्या नकळत स्वतःचेच बीज वापरल्याचे अशा चाचण्यांनी उघडकीस आले. असले पाप उघडे पडावे हे योग्यच. पण प्रत्येक घरातील झाकलेली गोष्ट पापच असते असे नाही. एखादे मूल दत्तक घेतलेले असते, एखाद्या विधवेने काही दुःख गिळलेले असते. ते उघड करण्याचा अधिकार नाताळची भेट म्हणून नळी घेणाऱ्या नातवाचा आहे काय?

कायदा मागे राहू नये

फ्रान्सने अशा हौशी चाचण्यांना बंदी घातली असून ती करणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा कंपन्या आणि मालक यांना आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई केली; आयुर्विमा मात्र त्यातून सुटला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली सर्व आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारी आरोग्यविम्याची अट भेदभावाची ठरविली. तथापि त्या निकालाच्या काही भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्थगिती दिली. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले. पूर्वीच्या मसुद्यांत आनुवंशिक माहितीचा समावेश विशेष संवेदनशील माहितीत केलेला होता. अंतिम कायद्यात असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. डीएनए तंत्राच्या नियमनाचे २०१९ चे विधेयकही २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. फोन नंबर आणि जनुकलिपी यांना एकाच तागडीत तोलणारा हा कायदा अपुरा आहे.

या बाबतीत महाराष्ट्राला आपल्याच इतिहासाचे स्मरण ठेवता येईल. गर्भजलपरीक्षेचे तंत्र आले ते गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी. त्याचा उपयोग मुलगी पोटात मारण्यासाठी होऊ लागला, तेव्हा स्त्रीसंघटनांच्या चळवळीमुळे १९८८ साली देशात प्रथम या राज्याने त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा सहा वर्षांनी, १९९४ साली, आला. पण कायदा होईपर्यंत किती मुली गेल्या, याची मोजदाद कोणी करायची? तंत्र धावते आणि कायदा त्यामागून चालतो, हा अनुभव पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही. आनुवंशिक माहितीला स्वतंत्र संरक्षण, कंपनी विकली गेल्यास प्रत्येक ग्राहकाची नव्याने संमती, नमुना नष्ट करण्याचा अनिर्बंध हक्क आणि नोकरी, विमा व विवाहजुळणी यांत या अहवालांच्या वापराला बंदी, एवढ्या गोष्टी तरी कायद्याने स्पष्ट केल्या पाहिजेत.

सरकारी पैसा आणि लक्ष यांचा ओघही कोठे जावा, हे ठरविले पाहिजे. गडचिरोली, नंदुरबार, पालघर येथील आदिवासी आणि विदर्भातील अनेक कुटुंबे सिकलसेलने ग्रासलेली आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. येथे बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून प्राथमिक तपासणी होऊ शकते आणि तिच्यापाठोपाठ विवाहापूर्वी योग्य सल्ला मिळाला, तर पुढच्या पिढीचे दुःख टळते. आनुवंशशास्त्राचा खरा उपयोग तो हा. मात्र तपासणीइतकाच सल्लाही महत्त्वाचा आहे, आणि तो देणारी शिकलेली माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

हौसेने लाळ देऊ इच्छिणाऱ्यास मना करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे आणि ते या चाचणीतून कळण्याजोगे आहे काय? नको ते कळले तर ते पेलण्याची माझी तयारी आहे काय? ही कंपनी दहा वर्षांनी कोणाच्या हाती असेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईवडील, भावंडे आणि मुले यांना मी विचारले आहे काय? हेळवी वही उघडीत असे ती साऱ्या घरासमोर, अंगणात. कोणते नाव वाचले जाते आहे हे थोरामोठ्यांच्या कानावर पडत असे. नव्या वहीच्या बाबतीतही निदान एवढा शिष्टाचार पाळावा. घरात एकत्र बसून हे बोलणे करावयाचे, ते नळीत लाळ पडण्यापूर्वी. टपालात पडलेली नळी परत मागविता येते, पण उघडलेली वही मिटविता येत नाही.